कलकत्त्याचे फुटबॉल-संघ आणि त्यांचे पिढीजात पाठीराखे

मोहन बागान की ईस्ट बंगाल, हा प्रश्न कलकत्त्यात ज्या सहजतेने विचारला जातो त्याच सहजतेने त्याचे उत्तर मिळते; परंतु ही निवड केव्हा झाली असे विचारल्यास उत्तर देणारा थबकतो. वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेला एखादा सामना, रेडिओभोवती जमलेले घर, पराभवाच्या संध्याकाळी ताटावर कोणी न बोललेला शब्द अशा काही गोष्टी त्यास आठवतात. त्या आठवणींतूनही इतकेच निष्पन्न होते की, निष्ठा त्यापूर्वीच ठरलेली होती. मातृभाषा कोणत्या दिवशी शिकलो हे जसे कोणास सांगता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. भाषेशी असलेले साम्य आणखी एका बाबतीत दिसते. बोलणारा आपली बोली अनादि समजतो. इतिहास पाहू जाता तिचे आजचे रूप दोन-चार पिढ्यांतच घडलेले आढळते.

लोकांच्या तोंडी असलेले स्पष्टीकरण सोपे आहे. पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते ‘घोटी’. त्यांचा संघ मोहन बागान. पूर्व बंगालातून आलेले ते ‘बाङाल’. त्यांचा संघ ईस्ट बंगाल. एकाच्या विजयाच्या दिवशी बाजारात कोळंबी महाग होते, दुसऱ्याच्या विजयाच्या दिवशी हिलसा मासा, असेही म्हटले जाते. हिलसा पद्मेचा आणि पद्मा पूर्वेची, हा त्यातील संकेत आहे. ही विभागणी आज इतकी स्वयंसिद्ध वाटते की, ती दोन्ही संघांच्या जन्मापासूनच होती असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही.

मोहन बागानची स्थापना १८८९ च्या ऑगस्टमध्ये उत्तर कलकत्त्यात झाली. त्या भागातील मित्र, बसू, सेन इत्यादी प्रतिष्ठित घराणी तिच्या मुळाशी होती आणि भूपेंद्रनाथ बसू हे पहिले अध्यक्ष होते. शहरातील सुशिक्षित भद्रलोकांची ही संस्था साऱ्या बंगालची झाली ती २९ जुलै १९११ रोजी. त्या दिवशी आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात तिने ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटचा २–१ असा पराभव केला. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी खेळले. पहिला गोल गोऱ्यांनी केला. कर्णधार शिवदास भादुरी यांनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांनी निर्णायक गोल केला. १९०५ च्या वंगभंगाची जखम तेव्हा भरलेली नव्हती. फाळणी रद्द झाल्याची घोषणा त्याच वर्षाच्या डिसेंबरात व्हावयाची होती. दूरदूरच्या गावांतून लोक आगगाडीने आणि आगबोटीने सामन्यासाठी आले होते. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, शिवदास आणि त्यांचे बंधू विजयदास हे फरीदपूरकडचे, म्हणजे पूर्व बंगालातील होते आणि त्या संघात पूर्वेकडचे इतरही खेळाडू होते. यास्तव आज ज्या विजयाचा वारसा घोटी मंडळी आपला म्हणून सांगतात, तो मिळविला त्या दिवशी घोटी-बाङाल हा प्रश्न मैदानावर उपस्थितच नव्हता.

मैदानाबाहेर मात्र तो जुनाच होता. पूर्वेकडील बोलीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे उच्चार आपल्या मराठीतील दंत्य उच्चारांच्या जवळ जातात. कलकत्त्याचा माणूस ‘खाबो’ म्हणतो तेथे पूर्वेकडचा ‘खामु’ म्हणतो. एवढ्या भेदावर शहराने शतकभर करमणूक करून घेतली. दीनबंधू मित्र यांच्या ‘सधवार एकादशी’ या १८६६ च्या प्रहसनात राममाणिक्य हे बाङाल पात्र केवळ आपल्या बोलीने आणि कलकत्तेकर होण्याच्या धडपडीने हसे करून घेते. नोकरीसाठी व शिक्षणासाठी आलेले हे लोक मेसमधून किंवा भाड्याच्या खोल्यांतून राहत. बंगालीत अशा वास्तव्यास ‘बासा’ म्हणतात. ‘बाडी’ हा शब्द वाडवडिलांच्या घरासाठी राखलेला असतो. मुंबईतील कोकणी माणूस ‘बिऱ्हाड’ मुंबईत आणि ‘घर’ गावाकडे असे जे म्हणतो, त्याहून हा भेद वेगळा नाही. सणासुदीस बाडीला जाता येत होते तोवर बाशातील चेष्टा सोसता येत होती.

ईस्ट बंगाल क्लबचा जन्म या सोसण्याच्या एका टोकाशी झाला, पण तोही अगदी किरकोळ निमित्ताने. २८ जुलै १९२० रोजी कूचबिहार चषकाच्या सामन्यात जोडाबागान आणि मोहन बागान हे संघ समोरासमोर आले. जोडाबागानने शैलेश बसू या पूर्वेकडील खेळाडूस संघातून वगळले. संस्थेचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी हे मैमनसिंहकडील जमीनदार होते. त्यांनी रदबदली केली, ती मानली गेली नाही आणि ते बाहेर पडले. १ ऑगस्ट रोजी संतोष संस्थानचे मन्मथनाथ रायचौधुरी, रमेशचंद्र सेन आदींच्या साहाय्याने नवा क्लब निघाला. (राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या संतोष चषकास याच संस्थानाचे नाव आहे.) गंमत अशी की, हे भांडण मोहन बागानशी नव्हतेच, ते जोडाबागानशी होते. जोडाबागान पुढे विस्मृतीत गेला आणि वैराचा वारसा, बहुधा मोठा प्रतिस्पर्धी तोच उरला म्हणून, मोहन बागानकडे आला. कलकत्ता लीगच्या पहिल्या विभागात भारतीय संघ दोनच असावेत असा तेव्हा निर्बंध होता. तो दूर होऊन १९२५ मध्ये ईस्ट बंगालचा प्रवेश झाला आणि २८ मे १९२५ च्या पहिल्याच लीग-सामन्यात त्याने मोहन बागानवर १–० असा विजय मिळविला. तरीही या काळातील ईस्ट बंगाल म्हणजे जमीनदार, वकील, विद्यार्थी आणि कारकून यांचा संघ होता. नावाने प्रांताचा, प्रत्यक्षात शहरातील एका वर्गाचा.

तिसऱ्या संघाची कथा येथे टाळता येत नाही, कारण तिच्यावाचून पहिल्या दोहोंची नीट कळत नाही. १८९१ मध्ये स्थापन झालेला मोहमेडन स्पोर्टिंग हा १९३४ मध्ये कलकत्ता लीग जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला आणि १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे त्याने ती जिंकली. १९४० मध्ये ड्युरँड आणि मुंबईची रोव्हर्स या दोन्ही चषकांवर त्याने नाव कोरले. गोऱ्या संघांची मक्तेदारी मोडल्याचा आनंद प्रारंभी अनेकांना झाला असला, तरी त्या दशकाच्या राजकारणात तो विजय मुसलमान समाजाच्या अभिमानाचा विषय झाला आणि बंगालच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून त्याला अनुयायी लाभले. १९३६ मध्ये डाक्क्यातही त्याच नावाचा क्लब निघाला. फाळणीनंतर कलकत्त्याच्या या संघाचे अनेक आश्रयदाते आणि पाठीराखे सीमेपलीकडे गेले. ज्या रेषेने एका संघाचे लोक नेले, त्याच रेषेने दुसऱ्या संघास लोक आणून दिले.

१९५१ च्या जनगणनेत पश्चिम बंगालमध्ये सुमारे २१ लक्ष निर्वासितांची नोंद झाली. जादवपूर, विजयगड, डमडम या भागांत त्यांनी पडीक जमिनींवर वसाहती उभारल्या. पुष्कळ ठिकाणी जागेचा हक्कही संदिग्ध होता. या मंडळींस आता ‘बाडी’ उरलेली नव्हती. शहर त्यांना बाङाल म्हणत होते, आणि बारिसालचा, नोआखालीचा, मैमनसिंहचा माणूस, जो पूर्वी स्वतःस आपल्या जिल्ह्याच्या नावाने ओळखत असे आणि शेजारच्या जिल्ह्याच्या बोलीस हसत असे, तोही या एका नावाखाली आला. अशा वेळी मैदानात एक संघ होता आणि त्याच्या नावातच त्यांच्या गमावलेल्या भूमीचे नाव होते. हा योगायोग होता. १९२० च्या त्या चार गृहस्थांनी निर्वासितांची कल्पनाही केलेली नव्हती. नाव सत्तावीस वर्षे आधी तयार होते, लोक मागाहून आले.

शिवाय संघ जिंकत होता. १९४९ ते १९५१ अशी सलग तीन वर्षे त्याने शील्ड जिंकले. १९४९ मध्ये लीग आणि रोव्हर्स चषकही घेतला. ज्यास सरकारी कचेरीत, शिधावाटपाच्या रांगेत, नोकरीच्या दारात दररोज हार खावी लागत होती, त्यास आठवड्यातून एकदा जय मिळण्याची ही एकमेव जागा होती. हे कारण भावनेच्या कारणाहून कमी महत्त्वाचे नाही. हरणाऱ्या संघावर पिढ्यान्‌पिढ्या प्रेम करणारे असतात हे खरे. परंतु पहिली पिढी जमविण्यास बहुधा विजय लागतात. येथेच या कथेतील सर्वांत बोलके विसंगत सत्य दडलेले आहे. हे विजय मिळवून देणारी आघाडीची फळी ‘पंचपांडव’ म्हणून गाजली. व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह हे ते पाच. पाचही दक्षिण भारतातील. ज्यांच्या पायांवर निर्वासितांचा स्वाभिमान उभा राहिला त्यांपैकी एकासही पद्मेचे पाणी ठाऊक नव्हते, आणि याचे कोणास काही वाटले नाही.

उलट बाजूसही तेच दिसते. मोहन बागानचा अभेद्य बचावपटू म्हणून ज्याची आठवण आजही काढली जाते तो गोष्ठ पाल फरीदपूरचा. त्या संघाचा सर्वांत लाडका खेळाडू चुनी गोस्वामी याचा जन्म १९३८ मध्ये किशोरगंजला, म्हणजे पूर्व बंगालात झाला. १९५४ पासून १९६८ पर्यंत तो मोहन बागान सोडून दुसरीकडे गेला नाही. इतकेच काय, मोहन बागानच्या चिन्हावर शिडाची नाव आहे. नद्यांचा देश मात्र दुसऱ्या संघाचा. तेव्हा खेळाडूंच्या जन्मस्थानावरून पाठीराख्यांची निष्ठा ठरते, हे मत टिकत नाही. संघ कोणाचा हे गॅलरीत ठरत होते, खेळपट्टीवर नव्हे.

गॅलरीतील हा निवाडा घरात कसा पोचतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातही सापडते. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे तालमींची आहेत आणि फुटबॉल-संघांचीही. मुलगा ज्या पेठेत वाढतो त्या पेठेची तालीम त्याची आणि तालमीचा संघही त्याचा. शाहू स्टेडियमवर तो कोणत्या बाजूस बसणार हे त्याचा पत्ताच सांगतो. तेथील सीमा चालत जाऊन ओलांडता येते. कलकत्त्यातील बाङाल कुटुंबाची सीमा १९४७ नंतर अशी ओलांडता येईना. म्हणून पत्त्याचे काम आजीच्या बोलीने, स्वयंपाकातील मसाल्याने आणि संघाच्या नावाने केले. यांपैकी बोली सर्वांत आधी गेली. वसाहतीत जन्मलेली मुले शाळेत कलकत्त्याची प्रमाणभाषा शिकली आणि ‘खामु’ हा शब्द घरातील थट्टेपुरता उरला. स्वयंपाक आंतरविवाहांनी मिसळला. घोटी घरात आलेली बाङाल सून माहेरचा संघ मनात ठेवून सासरच्या विजयास कोळंबी शिजवते, हा तर तेथील विनोदाचा नित्याचा विषय आहे. तिच्या मुलाने कोणाची बाजू घ्यावी याचा निर्णय पुष्कळदा मामाच्या लाडावर अवलंबून राहतो. संघाचे नाव मात्र जसेच्या तसे तिसऱ्या पिढीस मिळाले. बारिसाल न पाहिलेला नातू बारिसालच्या अपमानाने संतापतो, तो याच मार्गाने.

या संतापाची किंमत मोजावी लागलेली आहे. १९७५ च्या शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने ५–० असा विजय मिळविला. त्या आकड्याची टोचणी पुढील अनेक वर्षे शाळांपासून कचेऱ्यांपर्यंत चालली. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवरील लीग-सामन्यात प्रेक्षकांत मारामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ जणांचे प्राण गेले. मेलेल्यांत दोन्ही संघांचे पाठीराखे होते. तरीही गर्दी ओसरली नाही. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यास सॉल्ट लेकच्या क्रीडांगणावर सुमारे १ लक्ष ३१ हजार लोक होते.

अलीकडील एका प्रसंगाने निष्ठेचा नेमका आधार उघड केला. २०२० मध्ये मोहन बागानचा फुटबॉल-विभाग ए. टी. के. या व्यावसायिक संघात विलीन झाला. हिरवा-तांबडा गणवेश राहिला, नाव राहिले, पैसा आला, विजयही आले. परंतु नावापूर्वी तीन परकी अक्षरे लागली. पाठीराख्यांनी फलक धरले, मोर्चे काढले, काहींनी सामन्यांवर बहिष्कार घातला. २०२३ मध्ये संघ अजिंक्य ठरला त्याच वेळी ती अक्षरे काढण्याची घोषणा मालकांस करावी लागली. संघातील खेळाडू, प्रशिक्षक, मैदान, मालक हे सर्व बदललेले या लोकांनी सोसले. नावातील बदल सोसला नाही. पुढच्याच वर्षी, १८ ऑगस्ट २०२४ रोजी, आर. जी. कर रुग्णालयातील अत्याचार व हत्येमुळे शहर क्षुब्ध असताना उभय संघांचा सामना रद्द करण्यात आला, तेव्हा दोन्ही संघांचे पाठीराखे आपापले रंग अंगावर घेऊन न्यायाच्या मागणीसाठी एकत्र रस्त्यावर उतरले. मोहमेडनचेही त्यांत होते.

‘पूर्व बंगाल’ हे नाव मात्र नकाशावरून केव्हाच गेले. १९५५ मध्ये त्या प्रांताचे पूर्व पाकिस्तान झाले आणि १९७१ मध्ये बांगलादेश. आज ते नाव दोन ठळक ठिकाणी नांदते. एक, बांगलादेशच्या सैन्यातील ईस्ट बंगाल रेजिमेंट. दुसरे, कलकत्त्याच्या मैदानावरील लाल-सोनेरी फुटबॉल-संघ. त्याचे बहुसंख्य पाठीराखे आता कलकत्त्यातच जन्मलेले आहेत आणि ‘बाडी’ कोठे असे विचारल्यास आपल्या राहत्या घराचाच पत्ता सांगतात.