बालसाहित्य मोठ्यांच्या साहित्यापेक्षा वेगळं कशात असतं?

साहित्य अकादमीचा २०२५ सालचा मराठीसाठीचा बाल साहित्य पुरस्कार नांदेडचे कवी डॉ. सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहाला मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी तो भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या पुस्तकाला मिळाला होता. हेच सासणे २०२२ साली लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला भरलेल्या ९५व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. संमेलनाध्यक्षाने मुलांसाठी लिहावं यात मराठीला नवल नाही. ज्ञानपीठ मिळवणाऱ्या विंदा करंदीकरांनी १९६१च्या ‘राणीची बाग’पासून पुढे कित्येक वर्षं मुलांसाठी कविता लिहिल्या. तरीही बालसाहित्य म्हणजे सोप्या शब्दांत लिहिलेलं, शेवटी तात्पर्य असलेलं, मोठ्यांच्या साहित्याचं धाकटं भावंड, असा समज टिकून आहे. तो का चुकीचा आहे हे पाहायचं तर आधी हे साहित्य कुणाच्या हातून कुणाकडे जातं ते पाहावं लागतं.

लिहिणारे मोठे, विकत घेणारेही मोठे

कादंबरी वाचणारा मोठा माणूस ती स्वतः निवडतो, स्वतः पैसे देतो आणि आवडली नाही तर बाजूला ठेवतो. मुलांच्या पुस्तकाचं तसं नाही. ते मोठा माणूस लिहितो, मोठा माणूस छापतो, शिक्षक किंवा पालक निवडतात आणि मग ते मुलाच्या हातात पडतं. ज्याच्यासाठी लिहिलं त्याचं मत सगळ्यात शेवटी विचारलं जातं, किंवा विचारलंच जात नाही. त्यामुळे मुलाला काय आवडेल यापेक्षा पालकाला काय पटेल याकडे पुस्तकं झुकतात.

मराठीत हे अगदी सुरुवातीपासून घडलं. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही भाषांतरित पुस्तकं १८२८ची. नव्या शाळांना वाचायला पुस्तकं हवी होती, त्या गरजेतून ती आली. पुढे विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ १८८१मध्ये आणि वासुदेव गोविंद आपटे यांचं ‘आनंद’ १९०६मध्ये सुरू झालं. दोन मासिकांच्या नावांतच सरकलेला रोख दिसतो: आधी बोध, मग आनंद. अर्थात बोध काही हद्दपार झाला नाही. आजही शाळेतल्या बक्षिसाच्या पुस्तकांत तोच जास्त असतो.

चिमणी दार लगेच का उघडत नाही?

मुलांना गोष्टीत नेमकं काय लागतं हे समजून घ्यायला चिऊ-काऊची गोष्ट पुरेशी आहे. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, तो चिमणीच्या मेणाच्या घरापाशी येऊन दार ठोठावतो आणि चिमणी बाळाचं एकेक काम सांगत त्याला ताटकळत ठेवते. तीन-चार वर्षांच्या लेकराला ही गोष्ट पाठ असते, तरी ते रोज तीच मागतं. पुढे काय होणार हे त्याला माहीत असतं आणि मजा त्या माहीत असण्यातच असते. चिमणीचं एखादं काम आजी विसरली की लेकरू लगेच टोकतं. ज्याला घरात कुणी काही विचारत नाही, तो त्या क्षणी गोष्टीचा जाणकार होतो.

या गोष्टीला धड तात्पर्यही नाही. पावसात भिजलेल्याला बाहेर ठेवणं हे काही चांगलं वागणं नव्हे. काही घरांत कावळ्याला शेवटी चटकाही बसतो. मोठ्यांना हे खटकतं, मुलांना खटकत नाही, कारण गोष्टीचा सगळा जीव लयीत, पुनरावृत्तीत आणि दार उघडणार की नाही या ताणात असतो. भोपळ्यात बसून लेकीच्या गावाहून परतणारी म्हातारी वाघाला फसवते, तिथेही तेच. सगळ्यात दुबळं पात्र अकलेने सुटतं. दिवसभर मोठ्यांच्या हुकमात राहणाऱ्या वाचकाला यातून काय मिळतं, ते वेगळं सांगायला नको.

म्हणूनच लहान मुलांचं साहित्य हे आधी कानाचं साहित्य असतं. मोठ्याने वाचल्यावर जे वाक्य जिभेवर अडखळतं, ते छापल्यावरही अडखळतं. मराठीत याला आणखी एक बाजू आहे. बाराखडी येऊ लागलेलं मूल जोडाक्षराशी येऊन थांबतं, म्हणून जोडाक्षरं टाळून लिहिलेली पुस्तकं निघतात. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. ‘स्वयंपाक’, ‘पुस्तक’, ‘गोष्ट’ असे घरगुती शब्द टाळून गोष्ट सांगून पाहावी.

चित्रांचंही असंच आहे. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. त्यांच्या पुस्तकांत चित्र हे मजकुराची सजावट नसतं. मजकुराने न सांगितलेलं ते सांगतं. अजून वाचता न येणारं मूलही असं पुस्तक ‘वाचू’ शकतं.

कुणाची भाषा, कुणाचं गाव

नांदेड-लातूरकडे हा प्रश्न जास्त टोचतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी प्रकाशनाची केंद्रं पुणे आणि मुंबई. साहजिकच मुलांच्या गोष्टींतली घरं, शाळा, सुट्टीतले समुद्र तिकडचे राहिले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात. तो मराठवाड्यातल्या मुलांनाही आवडला, कारण धाडसाला जिल्हा नसतो. पण आपल्या गावाचं नाव छापील पानावर कधीच न दिसणं ही वेगळी गोष्ट आहे.

या भागात मुलाला ‘लेकरू’ म्हणतात. पुस्तकात ते ‘बालक’ होतं. देगलूर-बिलोलीच्या सीमेवर घरात तेलुगू ऐकू येते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, तांड्यावर गोरमाटी, किनवटच्या डोंगराळ पट्ट्यात गोंडी आणि कोलामी. अशा मुलासाठी प्रमाण मराठी ही शाळेत भेटलेली भाषा असते. तिच्यात लिहिलेली पहिली गोष्ट अनोळखी शब्दांची आणि अनोळखी घराचीही असेल, तर वाचन म्हणजे अभ्यास हे समीकरण तिथेच पक्कं होतं. उलट गोष्टीत ज्वारीची रास, सोयाबीनची मळणी, आटलेली विहीर किंवा गोदावरीचा घाट आला, तर भाषा थोडी अवघड असली तरी मूल रेटून नेतं. मराठवाड्यातल्या बालसाहित्यकारांच्या कामाचं मोल केवळ पुरस्कारांत नाही, ते इथे आहे.

दुःख सांगायचं की लपवायचं?

मुलांसाठी लिहिताना मरण, गरिबी, विस्थापन टाळावं असं अनेकांना वाटतं. मराठीतल्या सर्वांत वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एक मात्र आईच्या मरणाकडे जातं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ आठवणींची आहे. श्याम आश्रमातल्या मित्रांना एकेका रात्री त्या सांगतो. ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’मध्ये धरणापायी गाव सोडावं लागणारा मुलगा आहे. लेंडी प्रकल्पात गावं गेलेल्या मुखेड तालुक्यातल्या मुलाला ती गोष्ट काल्पनिक वाटणार नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधल्या कितीतरी लेकरांनी जे पाहिलं, त्यापुढे कोणतंही पुस्तक भीतिदायक नव्हतं.

फरक दुःख असण्या-नसण्यात नाही. ते कुणाच्या उंचीवरून पाहिलं जातं, यात आहे. मोठ्यांच्या कादंबरीत दुष्काळ म्हणजे कर्ज आणि सावकार. मुलाच्या नजरेला तो गोठ्यातून एके दिवशी दिसेनासं झालेलं वासरू असतो. कारणमीमांसा नंतर येते, कधी येतही नाही. आणि शेवट गोड नसला तरी कुणीतरी सोबत उरतं. चांगला बाललेखक वाचकाला अंधारात एकटं सोडून जात नाही.

पुस्तक मिळतं कुठे?

हा प्रश्न साहित्याबाहेरचा वाटतो, पण तालुक्याच्या गावात शालेय गाइडं मिळतात आणि गोष्टीची पुस्तकं शोधावी लागतात. बालभारतीने नोव्हेंबर १९७१मध्ये सुरू केलेलं ‘किशोर’ मासिक ही उणीव बरीच भरून काढत आलं आहे, आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वर मराठीसह अनेक भारतीय भाषांतली चित्रपुस्तकं मोफत आहेत. मात्र मोबाइल घरात एकच असेल आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतात जात असेल, तर शाळेच्या कपाटातली पुस्तकंच खरी. ती फाटतील म्हणून कुलपात ठेवायची की फाटली तरी लेकरांच्या हाती द्यायची, हे त्या-त्या शाळेतले गुरुजी-बाई ठरवतात.