नाटकाची रात्र आणि गावाचा हिशोब



धान कापून झालं, भारे बांधून झाले, पुंजणे लागले. बांधीत लाखोळी हिरवी दिसू लागली. संध्याकाळी दारासमोर शेकोटी पेटते आणि तेवढ्यात रस्त्यावरून भोंग्याची गाडी जाते. आज रात्री अमुक गावी तीन अंकी नाटक! पोरं गाडीमागे धावतात. आपण मात्र चुलीपाशी बसून मनातल्या मनात मोजतो, की पाहुणे किती येतील, तांदूळ किती लागेल, पांघरुणं पुरतील का.

आज आपण या हिवाळी नाटकाबद्दलच बोलू. ते कुठून आलं, त्यानं गावाला काय दिलं आणि त्यात आपला वाटा किती, हे पाहू.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा पूर्वेकडचा भाग मिळून आपली झाडीपट्टी होते. पूर्वी हे जिल्हेही वेगळे नव्हते. गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून वेगळी झाली आणि गोंदिया १९९९ साली भंडाऱ्यातून. जिल्हे वाटले गेले, पण धान, तलाव, जंगल आणि नाटक साऱ्यांचं एकच राहिलं.

नाटक हिवाळ्यातच का, याचं उत्तर धानात आहे. आपल्याकडे पावसाच्या भरवशावरचं एक पीक. आषाढात रोवणी, दिवाळीच्या आसपास कापणी, मग चुरणी. धान घरात आलं की हाती थोडा पैसा येतो आणि शेतातलं काम हलकं होतं. म्हणून आपला नाटकाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. मंडई भरते ती याच दिवसांत. शंकरपटही याच दिवसांत. दिवसा बैलांच्या जोड्या धावणार आणि रात्री नाटक होणार, अशी जुनी रीत. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा पट थांबले. २०२३ साली न्यायालयानं राज्याचा नवा कायदा मान्य केला. मधल्या काळात पट नसला तरी नाटक सुरूच होतं.

नाटकाच्या आधी आपल्याकडे दंडार होती, खडी गंमत होती, गोंधळ होता. गावचेच शेतकरी, मजूर दिवसभर काम करून रात्री तालीम करायचे. कोणी ढोलकी वाजवायचा, कोणी सोंग घ्यायचा. हा त्यांचा छंद होता, पोटाचा धंदा नव्हे. पुढे पडदे आले, पायपेटी आली, तबला आला, तीन अंकी नाटकं आली. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक मंडळ्यांचं ठाणं झालं. आज हिवाळ्यात तिथून मंडळ्या रोज निघतात. रात्री उशिरा घंटा वाजते आणि नाटक संपतं तेव्हा पहाट झालेली असते.

गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीसाठी. आपण शेकोटीपाशी बसून ज्याला नुसतं 'नाटक' म्हणतो, त्याची दखल दिल्लीनं घेतली.

आता आपल्या बाजूनं पाहू. दंडारीत बाईचं सोंग पुरुषच घ्यायचा. हे फक्त आपल्याकडचं नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं, त्यानंतरही कितीतरी वर्षं मराठी नाटकात सीता, द्रौपदी, शकुंतला पुरुषच झाले. बालगंधर्वांची साडी पाहून बाया तशी साडी नेसायच्या म्हणतात, पण त्या बायांना स्वतःला रंगमंचावर जायची मुभा नव्हती. आपल्या झाडीपट्टीत बाया नट म्हणून आल्या त्या नंतर, आणि त्यांनी फार सोसलं. रात्रभर काम, सकाळी गाडीत झोप, पुन्हा दुसरं गाव. त्यांच्या अभिनयाला टाळ्या पडतात आणि त्यांच्या पाठीमागे लोक नको ते बोलतात. ते बोलणं आपल्याच घरात होतं, हेही कबूल करूया.

आता पैशाची गोष्ट. गावातली मंडळी एकत्र येतात, नाटक मंडळीला सुपारी देतात, मंडप घालतात, तिकिटं विकतात. खर्च वजा जाऊन जे उरतं ते गावाच्या कामाला, अशी रीत कितीतरी गावांत आहे. देवळाचा सभामंडप, शाळेचं काही काम, एखाद्या गरिबाच्या दवाखान्याला मदत. हौस स्वतःची आणि फळ गावाचं. पण तिकिटं खपली नाहीत किंवा अवकाळी पाऊस आला, तर तोटा त्या मंडळींच्या डोक्यावर.

आमच्या प्रभागातल्या एका गावात दोन हिवाळ्यांपूर्वी यावरूनच वाद झाला. नाटक झालं, गर्दी चांगली होती, पण गावात काम काहीच दिसलं नाही. आम्ही बाया आपसात बोलू लागलो, की पैसे कुठे गेले? पोरांनी खाल्ले का? शेवटी ग्रामसंघाच्या बैठकीत ठरलं की विचारायचं. आम्ही सात-आठ जणी गेलो. मंडळाचा एक पोरगा रागानं म्हणाला, "ताई, तुम्हाला काय करायचं आहे हिशोबाचं?"

आमच्यातली एक म्हातारी आजी उठली. ती म्हणाली, "बाबू, नाटकाच्या दिवशी माझ्या घरी सतरा पाहुणे जेवले. तांदूळ माझा, सरपण माझं, पहाटेचा चहा माझा. ते तुझ्या कोणत्या वहीत लिहिलं?"

कोणीच काही बोललं नाही. आठ दिवसांनी मारुतीच्या पारावर हिशोब वाचला गेला. आणि आम्हीच खाली मान घातली. नाटकाला तोटा झाला होता. भोंगा, मंडप, जनरेटर, मंडळीची सुपारी, सारं धरून खर्च जास्त झाला होता. चार पोरांनी आपल्या धानाच्या पैशातून भर घातली होती आणि लाजेनं कोणाला सांगितलं नव्हतं. आम्ही त्यांना चोर समजलो आणि ते आम्हाला फुकट नाटक पाहणाऱ्या समजत होते. त्यांचा तोटा आम्हाला दिसला नव्हता आणि आमचा तांदूळ त्यांना दिसला नव्हता.

मैत्रिणींनो, बचत गटानं आम्हाला काय शिकवलं असं कोणी विचारलं तर आम्ही सांगतो, वही लिहायला शिकवलं. जमा एका बाजूला, खर्च दुसऱ्या बाजूला, आणि महिन्याला सगळ्यांसमोर वाचन. वाचलेल्या हिशोबावर भांडण झालं तरी ते मिटतं. न वाचलेल्या हिशोबावर मनात संशय वाढत राहतो.

पुढच्या हिवाळ्यात त्या गावात मंडळात तीन बाया घेतल्या गेल्या. भज्याचं आणि चहाचं दुकान गटानं लावलं. वहीत एक नवं पान उघडलं, 'घरोघरचे पाहुणे'. त्यात पैसे लिहिले नाहीत, फक्त कोणत्या घरी किती जण जेवले ते लिहिलं. ते पान पारावर वाचलं तेव्हा बाया हसत होत्या आणि एक-दोघींनी डोळे पुसले. दुकानाच्या नफ्यातून अंगणवाडीला सतरंज्या आणि शाळेला गोष्टींची पुस्तकं आली. रक्कम मोठी नव्हती. पण ती कुठून आली हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत होतं.

आपल्या हिवाळ्यात गावाचं देणं फेडायची रीत जुनीच आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. तेव्हापासून कितीतरी गावं हिवाळ्यात आपापल्या सोयीनं त्यांची पुण्यतिथी करतात. पहाटे ध्यान, मग ग्रामसफाई, रामधून, शेवटी गोपालकाला. गाडगेबाबा गेले २० डिसेंबर १९५६ ला, तेही ऐन थंडीत. ते कीर्तन रात्री करायचे आणि गाव दिवसा झाडायचे. खंजिरी असो की खराटा, दोघांनीही करमणूक आणि काम वेगळं ठेवलं नाही. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी मंडपातले कागद आणि प्लास्टिक कोण उचलतं, हे आपण जरा आठवावं.

म्हणून या हिवाळ्यात आपल्या गटात तीन गोष्टींवर बोला. आपल्या गावच्या नाटकाच्या मंडळात बाया किती? हिशोब सगळ्यांसमोर वाचला जातो का? आणि रात्री नाटकाला जाताना-येताना सोबत कशी करायची? आपल्याकडे वाघाची भीती खोटी नाही. पूर्वी बाया शेजारच्या गावी पायी जायच्या. आता एकटीदुकटीनं जाऊ नका, गाडी सांगा आणि भाडं वाटून घ्या.

आणखी एक. पाहुण्यांचं करता करता आपण नाटकाला पोचतो तेव्हा पहिला अंक संपलेला असतो. यंदा घरच्या माणसांना सांगा, आज भांडी तुम्ही घासा. पहिला अंकही बघा. सोयरिकी जमतात नाटकात, लेकी माहेरी येतात नाटकाला, जुन्या मैत्रिणी भेटतात त्या नाटकातच. ज्या रात्रीसाठी आपण दोन दिवस राबतो, ती रात्र आपलीही आहे.

थंडी सांभाळा, म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर पांघरूण घाला. येतो आम्ही.