सांडणीस्वार आणि सारवान



परभणीच्या उन्हाळ्यात वाळवंटाचा विषय काढणे म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, असे आपणांस वाटेल. पण हा विषय मी निवडला, त्याला कारण आहे. अलीकडे दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत आपल्या गावातील पुष्कळ कुटुंबे राजस्थानची सहल करतात. जेसलमेरला गेले की एक रात्र वाळूत काढायची, संध्याकाळी उंटावर बसायचे, रात्री तंबूत झोपायचे आणि सकाळी परत फिरायचे, असा ह्या सहलीचा ठरलेला बेत असतो. परत आल्यावर मंडळी फोटो दाखवितात. मी गेली तीस वर्षे मोंढ्यातील हमाल-मापाड्यांमध्ये संघटनेचे काम करीत आलो आहे. त्यामुळे असा फोटो हाती आला की माझी नजर वर बसलेल्यांवरून घसरते आणि खाली दोर धरून उभ्या असलेल्या माणसावर जाऊन थांबते. आपल्या जुन्या मराठीत त्याला सारवान म्हणत. ह्या सारवानाचा इतिहास आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

उंट हा आपल्या मुलखाचा प्राणी नव्हे. गोदाकाठच्या काळ्या रानात पाऊस पडला की त्याचा पाय घसरतो. वाळूत न रुतणारे त्याचे रुंद तळवे चिखलात निरुपयोगी ठरतात. पावसाळा सरल्यावर काठेवाडी मेंढपाळ मेंढरांमागे आपला संसार उंटावर लादून आपल्या शिवारांतून जातात, आणि उरुसात-जत्रेत एखादा उंटवाला पोरांना फेरी मारून आणतो. आपला उंटाशी संबंध तेवढाच. असे असूनही मराठीत उंट चांगला मुरलेला आहे. न राबता लांबून हुकूम सोडणाऱ्याला आपण उंटावरून शेळ्या हाकणारा म्हणतो. भलता सल्ला देणारा तो उंटावरचा शहाणा. सांडणी, सांडणीस्वार, सारवान, शुतरनाळ, उष्टरखाना असे कितीतरी शब्द जुन्या कागदपत्रांत आढळतात. हे शब्द शेतातून आले नाहीत. ते लष्कराबरोबर व दरबाराबरोबर आले. म्हणून म्हणीतला उंट हा अधिकाऱ्याच्या बसण्याचा उंट आहे.

शिवछत्रपतींच्या राज्यातील अठरा कारखान्यांची यादी सभासदाच्या बखरीत दिली आहे. ती बखर १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिली गेली. त्या यादीत पीलखान्याप्रमाणे उष्टरखानाही आहे, म्हणजे हत्तींप्रमाणे उंटांचेही स्वतंत्र खाते होते. उंटाचे काम तीन प्रकारचे असे. लष्कराचे तंबू, दाणागोटा व दारूगोळा वाहून नेणे हे पहिले. पाठीवर लहान फिरती तोफ बसवून लढणे हे दुसरे. ह्या तोफेला शुतरनाळ किंवा जंबुरक म्हणत, आणि पानिपतावर अब्दालीच्या उंटांवरील जंबुरकांनी आपल्या फौजेचे किती नुकसान केले हे सर्वांना ठाऊक आहे. तिसरे काम टपालाचे. सांडणी म्हणजे चालीची उंटीण. तिच्यावर बसून तातडीची पत्रे नेणारा तो सांडणीस्वार.

ह्या कामात मुरलेली माणसे कोण होती, ते अबुल फजलने आईन-इ-अकबरीत सांगितले आहे. ज्या ग्रंथात वऱ्हाड सुभ्यातील आपल्या पाथरी सरकारची नोंद आहे, त्याच ग्रंथात बादशाही उंटखान्याचीही प्रकरणे आहेत. उंटाला दाणा किती, तेल केव्हा चोळायचे, साज कोणता, नोकर किती, हे सारे त्यात आहे. तेथे रैबारी नावाच्या जातीचा उल्लेख येतो. ही माणसे उंटाचा स्वभाव जाणतात, त्याला अशी चाल शिकवितात की थोड्या वेळात मोठी मजल मारावी, आणि त्यांपैकी काही जण निकडीच्या निरोपासाठी राजवाड्याजवळ तयार ठेवलेले असतात, असे तो सांगतो. आज राजस्थानात व गुजरातेत ज्यांना रायका किंवा रबारी म्हणतात तेच हे लोक. म्हणजे ही विद्या चारशे वर्षांपूर्वीच बादशहाच्या दफ्तरात नोंदली गेली होती. मात्र नोंदली गेली ती जातीच्या नावाने. त्यातील एकाही माणसाचे नाव आपल्यापर्यंत आलेले नाही.

पानिपतच्या बातमीचेही तसेच. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी. नानासाहेब पेशव्यांना ती कळली ती सावकारांच्या एका जासुदाकडून. ग्रँट डफ लिहितो की हा जासूद पानिपताहून औरंगाबादेला नऊ दिवसांत पोचण्याच्या करारावर निघालेला होता. अंतर हजार किलोमीटरहून अधिक. सावकाराच्या पत्रातील मजकूर आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असतो, पण ते पत्र वाहणारा मजूर कोण होता हे कोणी लिहून ठेवले नाही.

आता प्रत्यक्ष वाळवंटात येऊ. मराठ्यांचा आणि मारवाडच्या वाळूचा संबंध फार जुना व रक्ताचा आहे. जोधपूरच्या गादीसाठी रामसिंह आणि विजयसिंह ह्या चुलतभावांत तंटा लागला. रामसिंहाची बाजू घेऊन जयाप्पा शिंदे १७५४ मध्ये मारवाडात उतरला. मेडत्यास पराभव झाल्यावर विजयसिंह नागोरच्या किल्ल्यात शिरला आणि जयाप्पाने त्याला वेढा घातला. कण्हेरखेडच्या शिंद्यांची फौज महिनोन्महिने त्या रखरखीत मुलखात तळ देऊन राहिली. पाणी मोजके, वैरण लांबून आणावयाची, उन्हाळा डोक्यावर. जुलै १७५५ मध्ये जयाप्पाचा छावणीतच दग्याने खून झाला. नागोरजवळ ताऊसर येथे त्याची छत्री आजही उभी आहे. दत्ताजीने मात्र वेढा उठविला नाही.

ह्या वेढ्यातील एक हकीकत कर्नल टॉडने आपल्या राजस्थानच्या इतिहासात दिली आहे. मदत मिळविण्यासाठी विजयसिंहाने शहरातील उत्तम असे पाचशे उंट निवडले, त्यांवर एक हजार शूर माणसे बसविली, मध्यरात्री तट सोडला आणि चोवीस तासांत बिकानेर गाठले. नागोर ते बिकानेर हे अंतर सुमारे एकशे दहा किलोमीटर आहे. आज आपण ज्याला वाळवंटातील एका रात्रीची सहल म्हणतो, तिचे हे मूळचे उग्र रूप. घोड्याला ती वाळू रात्रीतून तुडविणे कठीण. उंट मात्र एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलीत, पाण्यावाचून, डुलत चालत राहतो. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंधारात कोणती टेकडी उजवीकडे टाकायची आणि कोणत्या विहिरीला पाणी आहे हे उंटाला ठाऊक नसते, आणि किल्ल्यातील राजालाही नसते. ते उंट राखणाऱ्याला ठाऊक असते. विजयसिंहाला बाहेरून हवी ती कुमक मिळाली नाही, आणि १७५६ मध्ये तह होऊन अजमेर मराठ्यांकडे आले. इतिहासात राजा राहिला, सेनापती राहिला, पाचशे उंटांचा आकडाही राहिला. वाट दाखविणारे मात्र गळाले.

इंग्रजांच्या काळात हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. १८३८ च्या अखेरीस अफगाणिस्तानवर जी फौज निघाली, तिच्यात मुंबई इलाख्याचेही सैन्य सिंधमार्गे गेले. ह्या स्वारीसाठी सुमारे तीस हजार उंट जमविले होते. बोलन घाटात चाऱ्यावाचून ते हजारोंनी मेले. पुष्कळ उंट भाड्याने घेतलेले होते. ज्याचा उंट मेला त्याचे घर बसले. पुढे बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांनी १८८९ मध्ये गंगा रिसाला हे उंटदळ उभारले. ते चीन व सोमालीलँडपर्यंत गेले, आणि १९१५ मध्ये सुएझ कालव्याच्या रक्षणासाठी लढले. आजही सीमा सुरक्षा दलाचे उंटस्वार वाळवंटी सरहद्दीवर गस्त घालतात, आणि प्रजासत्ताकदिनी दिल्लीच्या संचलनात आपण त्यांना पाहतो.

मग जो प्राणी ओझे, तोफ व टपाल वाहत होता, तो आपल्याला तासभर फिरवू कसा लागला? जेसलमेर हे शहर सिंधकडे जाणाऱ्या तांड्यांवर जगले होते. मुंबईसारखी बंदरे वाढली तसा मालाचा ओघ समुद्राकडे वळला. १९४७ मध्ये सरहद्द आखली गेली आणि जुनी वाट कायमची तुटली. १९६८ मध्ये जेसलमेरला आगगाडी आली. १९६५ व १९७१ च्या युद्धांनंतर लष्करासाठी रस्ते झाले, त्यांवरून मालमोटारी धावू लागल्या, आणि ट्रॅक्टर आल्यावर नांगराचा उंटही मागे पडला. त्याच सुमारास प्रवासी येऊ लागले. सत्यजित राय यांचा १९७४ चा ‘सोनार केल्ला’ हा चित्रपट पाहून बंगाली मंडळींची तर तेथे रीघ लागली. १९७९ पासून वाळवंटाचा उत्सव भरू लागला. जेसलमेरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर सम येथे वाळूच्या टेकड्या आहेत. तेथे तंबूंच्या वसाहती उठल्या, आणि ओझ्याचा उंट सहलीचा उंट झाला.

ही सहल वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. ज्याने आयुष्यभर काळे रान पाहिले, त्याने एकदा तरी त्या टेकड्यांवर सूर्य मावळताना पाहावा. उंट प्रथम मागच्या पायांवर उठतो, तेव्हा बसणारा पुढे फेकला जातो, म्हणून उठताना व बसताना मागे रेलून घट्ट धरावे. वाळू दिवसाची ऊब रात्री धरून ठेवीत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो, तेव्हा घोंगडी जवळ असू द्यावी. मांगणियारांचे गाणे व कालबेलियांचा नाच लक्ष देऊन ऐकावा, पाहावा. जेवताना चघळायची ती करमणूक नव्हे. कालबेलियांच्या कलेची नोंद तर २०१० मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली आहे.

पण ह्या सहलीमागचा हिशेबही पाहावा. प्रवासी येतात ते ऑक्टोबर ते मार्च. उंट खातो ते बारा महिने. आपण पैसे देतो ते तंबूच्या मालकाला किंवा गावातल्या दलालाला, एकरकमी. त्यातून उंटाच्या फेरीचे किती, आणि ज्याने वाळूत अनवाणी चालून ती फेरी मारली त्याच्या हाती किती, हे आपण विचारीत नाही. पुष्कळदा उंट एकाचा, तंबू दुसऱ्याचा आणि चालणारा पोरगा तिसऱ्याच घरचा असतो. त्याचा पाय मोडला तर त्याचा मालक कोण?

हा प्रश्न मला परका वाटत नाही. आमच्या हमालाचेही असेच होते. सकाळी एका आडतीवर पोते उचलायचे, दुपारी दुसऱ्या. मग अपघात झाला की प्रत्येक मालक म्हणणार, हा माझा नोकर नव्हे. एका मोसमात आमच्या एका गड्याची कमर थप्पी कोसळून मोडली, तेव्हा चार दुकानांच्या पायऱ्या झिजवूनही त्याच्या घरी आठवड्याचा बाजार आम्हां हमालांच्याच वर्गणीतून गेला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केले, आणि अशा प्रयत्नांतून १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्याची युक्ती साधी आहे. मालक अनेक असले तरी मंडळ एक. मजुराची नोंद मंडळात आणि मालकाचीही. मालकाने मजुरी व तिच्यावर ठरावीक लेव्ही मंडळात भरायची, आणि तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा व औषधपाणी चालायचे. अंमलबजावणीत उणिवा आहेत, त्यांच्याशी आम्ही रोज झगडतो. पण अनेक मालकांच्या मजुरालाही कायद्याचे संरक्षण देता येते, हे ह्या महाराष्ट्राने दाखवून दिले आहे. पोत्याखाली वाकलेल्याला जे मिळू शकते, ते उंटाचा दोर धरणाऱ्याला का मिळू नये?

राजस्थान सरकारने २०१४ मध्ये उंटाला राज्याचा प्राणी म्हणून मान दिला. २०१५ मध्ये कायदा करून त्याच्या कत्तलीला बंदी घातली, आणि राज्याबाहेर नेण्यावर कडक निर्बंध लादले. हेतू चांगला होता. पण पाळणाऱ्यांची तक्रार अशी की बाहेरचे गिऱ्हाईक तुटले, पुष्करच्या बाजारात नराला भाव उरला नाही, आणि खायला घालणे मात्र चुकले नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे चार लाख उंट होते, ते २०१९ च्या गणनेत अडीच लाखांवर आले. उंटिणीला तेरा महिन्यांनी एक पिलू होते. एकदा मोडलेला कळप पुन्हा लवकर उभा राहत नाही. कायद्याने उंटाकडे पाहिले, राखणाऱ्याकडे पाहिले नाही. राखणाऱ्याने हात टेकले की उंटही जातो. गेल्या दोनशे वर्षांत हातमागाचे व चामड्याच्या धंद्याचे आपल्याकडे जे झाले, त्याहून हे निराळे नाही.

उंटावरच्या शहाण्याची गोष्ट आपणां सर्वांस माहीत आहे. वासराचे डोके रांजणात अडकले म्हणून गावाने त्याला बोलाविले. तो उंटावरून उतरायला तयार नव्हता, म्हणून त्याला आत घेण्यासाठी लोकांनी भिंत पाडली. वासराला त्याने काय केले ते सांगत नाही. एवढेच सांगतो की तो खाली उतरला असता तर त्याला सारे नीट दिसले असते. आपणांपैकी जे कोणी येत्या हिवाळ्यात जेसलमेरला जातील, त्यांनी उंटावर जरूर बसावे. फेरी संपली की खाली उतरून सारवानाला त्याचे नाव विचारावे, मोसम संपल्यावर तो काय करतो ते विचारावे, आणि फेरीचे पैसे शक्य असेल तेथे त्याच्याच हातावर ठेवावेत. तंबूच्या मालकालाही विचारावे की ह्या माणसाचा विमा आहे काय. एका गिऱ्हाइकाने विचारले तर तो हसेल. शंभरांनी विचारले तर त्याला उत्तर तयार ठेवावे लागेल. संघटनेचे काम मी असेच सुरू होताना पाहिले आहे.