सत्तेचाळीस वर्षांचे एक यंत्र

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या अगदी खालच्या टोकाशी इन्व्हरकार्गिल नावाचे गाव आहे. हर्बर्ट जेम्स मन्रो, लोकांच्या तोंडी बर्ट मन्रो, हा त्या परिसरातला तरुण. १९२० साली, वयाच्या २१ व्या वर्षी, त्याने ‘इंडियन स्काउट’ ही नवी मोटारसायकल विकत घेतली. नाव ऐकून आपली फसगत व्हावी. पण या ‘इंडियन’चा हिंदुस्थानशी संबंध नाही. अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या कारखान्याने तेथील मूळ रहिवाशांवरून ते नाव घेतले होते. गाडीची क्षमता ६०० घनसेंटिमीटर, कमाल वेग ताशी सुमारे ८९ किलोमीटर. १९६७ साली याच गाडीवर, याच माणसाने, वयाच्या ६८ व्या वर्षी ताशी २९६ किलोमीटरचा विक्रम केला.

हे आकडे वाटतात त्याहून अवघड आहेत. वेग दुप्पट करायचा तर हवेचा विरोध तोडण्यासाठी शक्ती दुप्पट नव्हे, आठपट लागते. या हिशेबाने ८९ वरून २९६ वर जाण्यास सुमारे ३७ पट शक्ती हवी. मन्रोने पुढे गाडीला माशासारखे निमुळते कवच चढवले, तेव्हा ही गरज पुष्कळ घटली हे खरे. पण इंजिनाचे आकारमान तो ९५३ घनसेंटिमीटरपर्यंतच वाढवू शकला, म्हणजे दीडपटीहून थोडेसेच अधिक. उरलेली शक्ती इंजिनाच्या आतूनच काढायची होती.

स्काउटच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. अशी रचना शांत, स्वस्त आणि त्या काळच्या हलक्या पेट्रोलावर चालणारी. गिऱ्हाइकाला तिचा त्रास नाही. परंतु तिच्यात ज्वलनाची जागा बाजूला पसरते, मिश्रण आवळून दाबता येत नाही, आणि आत येणाऱ्या वायूला वळसे घ्यावे लागतात. झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नेल्या की वाट सरळ होते आणि दाब वाढवता येतो. मन्रोने १९२६ पासून गाडीत फेरफार आरंभले, त्यांतला सर्वांत मोठा बदल हाच. स्प्रिंगफील्डच्या कारखान्याने मात्र आपली मोठी ‘चीफ’ गाडी शेवटपर्यंत बाजूच्या झडपांचीच ठेवली आणि १९५३ साली तेथील उत्पादन थांबले. कारखान्याच्या अस्ताची कारणे आणखीही होती; तरी त्याच्या जुन्या इंजिनाचा विकास कारखाना बंद पडल्यावरही एका दूरच्या गॅरेजमध्ये चालू राहिला, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

गॅरेज म्हणजे काय, तर एक साधी खोली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस नोकरी सोडल्यावर मन्रो तेथेच राहू लागला. पिस्टन ओतण्यासाठी साचे म्हणून त्याने पत्र्याचे जुने डबे वापरले. सिलिंडर, फ्लायव्हील, वंगणाची व्यवस्था, सारे घरचेच. कनेक्टिंग रॉड त्याने ट्रॅक्टरच्या आसातून कापून, कानस चालवून घडवले आणि त्यांच्या पोलादाला स्वतः पाणी दिले. ही हौशी माणसाची लहर नव्हती. इंजिनाचे फेरे दुप्पट केले की पिस्टनला दर खेपेस थांबवून उलट फिरवण्याचा ताण चौपट होतो, आणि तो सारा ताण या दांड्यावर येतो. कारखान्यातला दांडा इतक्या ताणासाठी केलेलाच नव्हता. पिस्टन टिकला की दांडा तुटे, दांडा टिकला की आणखी काही. प्रत्येक सुधारणा पुढचा दुबळा भाग उघडा पाडी. तुटलेले भाग मन्रोने फेकले नाहीत. फळीवर ओळीने मांडले आणि वर लिहिले, वेगाच्या देवतेला वाहिलेला नैवेद्य.

मूळ गाडीलाही तिचे श्रेय दिले पाहिजे. तिचा कर्ता चार्ल्स फ्रँकलिन हा डब्लिनचा आयरिश अभियंता, १९११ च्या आइल ऑफ मॅन शर्यतीत ‘इंडियन’वरच दुसरा आलेला. इंजिनाची शक्ती गिअरपेटीकडे नेण्यासाठी त्याने साखळी न घालता तेलात बुडालेली दातेरी चक्रे बसवली आणि दोन्ही भाग घट्ट जोडून टाकले. असा मजबूत पाया नसता, तर एवढा भार त्यावर रचणे कठीण गेले असते.

१९६२ पासून मन्रो अमेरिकेतील युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर उतरू लागला. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंच. विरळ हवेत विरोध कमी, पण इंजिनाला प्राणवायूही कमी. पहिल्याच वर्षी त्याने ८८३ घनसेंटिमीटरच्या वर्गात ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६७ साली एका दिशेच्या धावेत ३०५ किलोमीटरहून अधिक वेग नोंदला गेला. परंतु विक्रमासाठी दोन्ही दिशांची सरासरी धरतात. त्याच वर्षीच्या एका धावेत गाडी डगमगू लागली. वेग कमी करण्यासाठी तो उठून बसला, तो वाऱ्याने चष्मा उडवला, दिसेनासे झाले, आणि गाडी आडवी पाडून तो किरकोळ खरचटण्यावर बचावला.

१९७८ साली मन्रो वारला. २००५ च्या चित्रपटाने त्याचे नाव जगभर नेले, मात्र पडद्यावर माणूस मोठा झाला आणि यंत्र थोडे मागे पडले. १९६७ च्या नोंदीत ताशी १८३.५८६ मैल हा आकडा होता. पुढे त्याच्या मुलाला त्या गणितात चूक आढळली, आणि २०१४ साली, मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, अमेरिकन मोटारसायकल संघटनेने तो दुरुस्त करून १८४.०८७ मैल असा लिहिला.