कांद्याचा खरा प्रश्न साठवणुकीचा : राजगुरुनगरच्या संशोधनाचा आढावा

चाकणचे नाव आज मोटारींच्या कारखान्यांशी जोडले गेले असले, तरी त्याआधी कित्येक दशके हे गाव कांद्याची बाजारपेठ म्हणून ओळखले जात होते. खेड तालुका कृषी उत्पन्न बाजार समितीच्या चाकण येथील आवारात आजही कांद्याचे लिलाव होतात. पुणे-नाशिक महामार्गावर चाकणच्या पुढे राजगुरुनगर लागते. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचे हे जन्मगाव. त्याचे जुने नाव खेड. कांदा व लसूण या दोन पिकांवर संशोधन करणारी देशातील मध्यवर्ती संस्था याच गावी आहे. तिची माहिती शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्येही फारशी नाही. कांद्याचे दर भडकले की त्याची चर्चा घरोघरी होते. ते का भडकतात आणि ते आवरण्यासाठी शास्त्रज्ञांनी काय केले आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

संस्थेची वाटचाल

भारतीय कृषी संशोधन परिषदेने 1994 मध्ये नाशिक येथे राष्ट्रीय कांदा व लसूण संशोधन केंद्राची स्थापना केली. जून 1998 मध्ये हे केंद्र राजगुरुनगर येथे हलविण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस कांद्याचे दर देशभर कडाडले आणि दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीत हा प्रचाराचा मोठा मुद्दा ठरला. डिसेंबर 2008 मध्ये केंद्राला संचालनालयाचा दर्जा मिळाला.

अर्थात महाराष्ट्रातील कांदा संशोधन याहून जुने आहे. नाशिक जिल्ह्यातील निफाड आणि पिंपळगाव बसवंत येथील केंद्रांतून 'एन-53', 'एन-2-4-1' आणि 'बसवंत-780' हे वाण पुढे आले. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान यांनीही या पिकावर दीर्घकाळ काम केले. राजगुरुनगरच्या संस्थेने या पायावर पुढचे काम उभारले. गावाजवळून वाहणाऱ्या भीमा नदीचे नाव तिने आपल्या वाणांना दिले आहे.

बाहेरचे वाण का चालत नाहीत?

युरोप-अमेरिकेत कांद्याचे हेक्टरी उत्पादन भारतापेक्षा कितीतरी अधिक आहे. मग तेथील बियाणे आणून येथे का लावू नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर दिवसाच्या लांबीत आहे. कांद्याच्या रोपाला गड्डा धरण्याचा संकेत प्रकाशाच्या कालावधीतून मिळतो. थंड प्रदेशांतील 'दीर्घ दिवसा'च्या वाणांना त्यासाठी 13 ते 14 तासांहून मोठा दिवस लागतो. आपल्याकडे हिवाळ्यात दिवस सुमारे 11 तासांचा असतो. असे वाण येथे लावले, तर नुसती पात वाढते, गड्डा पोसत नाही. भारतातील मैदानी भागासाठी 10 ते 12 तासांच्या दिवसात गड्डा धरणारे 'लघु दिवसा'चेच वाण हवेत. त्यामुळे हे संशोधन आयात करता येत नाही. ते येथेच व्हावे लागते.

दुसरी अडचण बियाण्याची. कांदा हे बीजोत्पादनाच्या दृष्टीने दोन हंगामांचे पीक आहे. पहिल्या हंगामात गड्डा मिळतो; तो निवडून, साठवून पुन्हा लावल्यावर फुलांचे दांडे, म्हणजे डेंगळे येतात आणि त्यातून बी मिळते. परागीभवन मुख्यत्वे मधमाश्यांकडून होत असल्याने शेजारच्या वाणाशी संकर होऊन शुद्धता सहज बिघडते. शिवाय कांद्याच्या बियाची उगवणशक्ती साधारण वर्षभरात बरीच घटते. एखाद्या वर्षी बीजोत्पादन बिघडले, तर त्याचा फटका पुढच्या लागवडीला बसतो. 2020 मध्ये बियाण्याची टंचाई जाणवू लागल्यावर ऑक्टोबर अखेरीस केंद्र सरकारने कांदा बियाण्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती.

तीन हंगामांचे गणित

महाराष्ट्रात कांद्याचे तीन हंगाम आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला खरिपाचा, म्हणजे हळवा किंवा पोळ कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून बाजारात येतो. त्यामागून लावलेला रांगडा कांदा जानेवारी-फेब्रुवारीत निघतो. डिसेंबर-जानेवारीत लावलेला रब्बीचा, म्हणजे गरवा किंवा उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये काढला जातो. देशाच्या एकूण उत्पादनातील सुमारे 60 टक्के वाटा या उन्हाळी कांद्याचा असतो.

टिकणारा कांदाही हाच. मे महिन्यापासून थेट ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे नवा खरीप कांदा येईपर्यंत, देशाची गरज साठवलेल्या उन्हाळी कांद्यावर भागवली जाते. या पाच-सहा महिन्यांत शेतातून फारसा नवा कांदा येत नाही. दर बहुधा याच काळाच्या शेवटी चढतात. साठा सरत आलेला असतो आणि खरिपाचे पीक पावसाच्या तडाख्यात सापडलेले असते. 2019 मध्ये नेमके हेच घडले. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने राज्यातील खरीप कांद्याचे मोठे नुकसान झाले आणि डिसेंबरमध्ये किरकोळ बाजारात कांदा किलोला 100 रुपयांच्या पुढे गेला.

भारत हा कांदा उत्पादनात जगातील अग्रगण्य देशांपैकी एक आहे. 2022-23 मध्ये देशात सुमारे 302 लाख टन कांदा पिकला; 2023-24 मध्ये तो सुमारे 242 लाख टनांवर आला. एका वर्षात 20 टक्क्यांची ही घट मोठीच आहे. तथापि, चांगल्या वर्षीही साठवणुकीत होणारी नासाडी एवढ्याच तोलाची असते, हे लक्षात घेतले पाहिजे.

बराखीत काय घडते?

खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत कांदा साठवण्याच्या चाळीला 'बराखी' म्हणतात. पारंपरिक पद्धतीच्या साठवणुकीत पाच-सहा महिन्यांत 30 ते 40 टक्के कांदा वाया जातो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. यातील सर्वांत मोठा भाग सडण्याचा नसून वजनघटीचा असतो. साठवलेला कांदा जिवंत असतो. तो श्वसन करतो आणि त्यातील पाणी हळूहळू उडून जाते. त्यानंतर सड आणि शेवटी कोंब फुटणे या कारणांनी नुकसान होते.

या नुकसानीचा अर्थ साध्या हिशेबाने कळतो. मे महिन्यात शेतकऱ्याने 100 क्विंटल कांदा बराखीत भरला आणि ऑक्टोबरमध्ये त्यातील 65 क्विंटल विक्रीयोग्य उरला, असे समजू. मे महिन्यात दर किलोला 10 रुपये असेल, तर ऑक्टोबरमध्ये केवळ तेवढीच रक्कम हाती येण्यासाठी दर 15 रुपयांच्या वर असावा लागतो. बराखीचा खर्च, निवडणीची मजुरी आणि अडकलेल्या पैशावरील व्याज यांत धरलेले नाही. पैशाची निकड असलेला शेतकरी हा धोका पत्करत नाही. तो काढणीनंतर लगेच कांदा विकतो. त्यामुळे उन्हाळ्यात आवक वाढून दर पडतात आणि पावसाळ्याअखेर साठा अपुरा पडून दर चढतात. उत्पादकाला मिळणारा मातीमोल भाव आणि ग्राहकाला पडणारा महाग कांदा, या दोन्हींचे मूळ असे एकच आहे.

संशोधनाने काय दिले?

या साखळीवर राजगुरुनगरच्या संस्थेने दोन्ही टोकांकडून काम केले आहे. पहिले टोक वाणांचे. 'भीमा किरण' आणि 'भीमा शक्ती' हे रब्बीसाठीचे वाण योग्य हाताळणीनंतर पाच ते सहा महिने टिकतात. 'भीमा सुपर', 'भीमा राज' आणि 'भीमा डार्क रेड' हे वाण खरिपासाठी शिफारस केलेले आहेत. खरिपाचे पीक भरवशाचे झाले, तर ऑक्टोबरची पोकळी भरून निघते, हा त्यामागील विचार आहे. 'भीमा श्वेता' आणि 'भीमा शुभ्रा' हे पांढऱ्या कांद्याचे वाण आहेत. लसणात 'भीमा ओंकार' व 'भीमा पर्पल' आहेत.

खरिपाचे पीक सर्वांत अवघड असते. रोपे कडक उन्हात वाढवावी लागतात, लागवड पावसात होते, शेतात पाणी साचते आणि करपा व पीळ पडणारा बुरशीजन्य रोग बळावतो. यावर सपाट वाफ्यांऐवजी सुमारे 120 सेंटिमीटर रुंद व 15 सेंटिमीटर उंच गादीवाफे आणि ठिबक वा तुषार सिंचन यांची शिफारस संस्थेने केली आहे. अशा वाफ्यांत जादा पाण्याचा निचरा होतो, मुळांना हवा मिळते आणि बियाणेही कमी लागते.

दुसरे टोक काढणीनंतरच्या हाताळणीचे. कांदा बराखीत किती टिकेल, हे तो बराखीत जाण्यापूर्वीच बव्हंशी ठरलेले असते. नत्रखत उशिरा दिले तर माना जाड राहतात आणि तेथून रोगजंतू आत शिरतात. म्हणून नत्राची मात्रा लागवडीनंतर दीड महिन्याच्या आत पूर्ण करण्याचा सल्ला दिला जातो. काढणीपूर्वी दोन आठवडे पाणी तोडावे, निम्म्या माना पडल्यावर कांदा काढावा, पातीसह तीन ते पाच दिवस शेतात वाळवावा, दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी आणि मग दहा-बारा दिवस सावलीत सुकवावा, असा क्रम आहे. या काळात मान मिटते आणि बाहेरचा पापुद्रा घट्ट होऊन नैसर्गिक वेष्टणाचे काम करतो.

बराखीची रचनाही महत्त्वाची असते. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच तळ, तळातून व बाजूंनी खेळती हवा, चार-पाच फुटांपेक्षा उंच नसलेला ढीग आणि पत्र्याऐवजी उष्णता कमी धरणारे छप्पर या गोष्टींनी नुकसान लक्षणीय घटते. अशा चाळींसाठी शासनाकडून अनुदानही दिले जाते.

शीतगृह आणि किरणोत्सर्ग

कांदा शीतगृहात का ठेवत नाहीत, ही आणखी एक नेहमीची शंका. कांद्याला कोंब सर्वांत लवकर फुटतात ते 10 ते 20 अंश सेल्सिअस तापमानात. शून्य ते 2 अंशांवर किंवा 25 ते 30 अंशांवर हे प्रमाण कमी राहते. म्हणूनच उघडी, हवेशीर बराखी आपल्या हवामानात बऱ्यापैकी काम देते. शीतगृहातला कांदा बाहेर काढताच त्यावर दव धरते आणि कोंबही झपाट्याने फुटतात. विजेचा खर्च वेगळाच. घरातही कांदा शीतकपाटात न ठेवता हवेशीर टोपलीत ठेवणे इष्ट, ते याच कारणाने.

भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगाव येथे उभारलेल्या 'कृषक' प्रकल्पात 2002 पासून गॅमा किरणांची सोय झाली आहे. अल्प मात्रेतील या किरणांनी कोंब फुटणे थांबते. कांदा त्यामुळे किरणोत्सारी होत नाही. मात्र सड आणि वजनघट यांवर किरणांचा इलाज चालत नाही. साठवणुकीतील नुकसानीत कोंबांचा वाटा तुलनेने लहान असल्याने, केवळ या तंत्राने प्रश्न सुटेल अशी अपेक्षा करता येत नाही.

प्रयोगशाळेबाहेरची अडचण

उत्तम वाण, योग्य सुकवणी आणि हवेशीर बराखी यांवर खर्च करण्यास शेतकरी केव्हा तयार होईल? साठवलेल्या कांद्याला पुढे बरा भाव मिळण्याची शक्यता असेल तेव्हाच. येथे संशोधनाची गाठ धोरणाशी पडते. सप्टेंबर 2019, सप्टेंबर 2020 आणि डिसेंबर 2023 अशा तीन वेळा केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लावण्यात आले. डिसेंबरची बंदी मे 2024 मध्ये उठली, पण 40 टक्के शुल्क लागू झाले. ते सप्टेंबरमध्ये 20 टक्के झाले आणि 1 एप्रिल 2025 पासून पूर्णपणे रद्द करण्यात आले.

ग्राहकाला दिलासा देणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. परंतु ज्याने पाच महिने नुकसान सोसून कांदा राखला, त्याच्या विक्रीच्या तोंडावर दर पाडले गेले, तर पुढच्या वर्षी तो साठवणुकीच्या वाटेला जाणार नाही. याउलट फेब्रुवारी-मार्च 2023 मध्ये रांगडा कांदा किलोला काही रुपयांवर घसरला, तेव्हा राज्य सरकारला क्विंटलमागे 350 रुपयांचे अनुदान जाहीर करावे लागले. सरकारी यंत्रणा राखीव साठा करते. 2023 मध्ये त्याचे उद्दिष्ट 5 लाख टनांपर्यंत नेण्यात आले. तथापि, सरकारने विकत घेतला म्हणून कांदा कमी सडत नाही.

पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 17 लाखांहून अधिक होती आणि तेव्हापासून शहर वाढतच आले आहे. चाकण परिसरात कारखाने, गोदामे आणि वसाहतींनी पूर्वीच्या शेतजमिनीचा मोठा भाग व्यापला आहे. खाणारी तोंडे वाढत आहेत आणि जवळची जमीन कमी होत आहे. अशा वेळी अधिक क्षेत्रावर कांदा लावणे हा पर्याय उरत नाही. पिकलेला कांदा वाचवणे हाच हाताशी असलेला मार्ग आहे. साठवणुकीतील नासाडी 35 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, तर बराखीत भरलेल्या प्रत्येक 100 क्विंटलमागे 15 क्विंटल कांदा, एक गुंठाही जादा जमीन न लावता, बाजारात येईल. त्यासाठी लागणारे बरेचसे ज्ञान राजगुरुनगरला तयार आहे. ते प्रत्येक बराखीपर्यंत पोहोचणे आणि ते वापरणाऱ्याला त्याचा मोबदला मिळणे, एवढे काम बाकी आहे.