खालित्य आणि औषधांचा संयोग

छत्तीसगडी बोलीत ‘पारा’ म्हणजे मोहल्ला, आपल्याकडची आळी. रायपुरातील तात्यापारा ही अशीच एक जुनी आळी असून मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. १७४१ साली भास्करपंत कोल्हटकरांची स्वारी रतनपुरावर गेली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८१८ साली कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आले आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. राज्य गेले, तरी मराठी माणसे राहिली. त्यांची भाषा राहिली आणि घरगुती रीतीही राहिल्या. डोक्याला माक्याचे तेल चोळणे ही मराठी घरांतली अशीच एक जुनी रीत. आज त्या तेलाच्या बाटलीशेजारी औषधाच्या दुकानातून आणलेली दुसरी बाटली उभी आहे, आणि बहुधा तिच्याजवळ गोळ्यांची एक पट्टीही आहे. ही दोन औषधे एकत्र कशी आली आणि त्यांचा संयोग कोणत्या मर्यादेत सुखरूप राहतो, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

टक्कल हे दुःख नवे नव्हे. सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्त किंवा खालित्य या नावाने त्याचे वर्णन येते. वातासह पित्त रोमकूपांत शिरून केस पाडते आणि मग रक्तासह कफ ती द्वारे बंद करतो, अशी त्याची मीमांसा तेथे केली आहे. ग्रीकांच्याही एक गोष्ट ध्यानात आली होती की, ज्यांचे पुरुषत्व बालपणीच हरण केले जाते त्यांना टक्कल पडत नाही. या निरीक्षणाला शास्त्राचा आधार मिळण्यास १९४२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवून दिले की, अशा पुरुषांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिले असता, ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस गळू लागतात. टक्कल पडण्यास आनुवंशिकता आणि संप्रेरक ही दोन्ही लागतात, हे त्यावरून ठरले.

गंमत अशी की, आजची दोन्ही प्रमुख औषधे केसांसाठी शोधलेलीच नव्हती. मिनॉक्सिडिल हे अपजॉन कंपनीचे औषध रक्तवाहिन्या रुंदावून रक्तदाब उतरवणारे. १९७१ च्या सुमारास ते घेणाऱ्या रोग्यांच्या अंगावर आणि चेहऱ्यावर केस उगवू लागलेले डॉक्टरांना दिसले. गुंटर कान आणि पॉल ग्रँट यांनी त्याचे पातळ द्रावण करून त्वचेवर लावून पाहिले. १९७९ साली अमेरिकेत हे औषध रक्तदाबाची गोळी म्हणून मान्य झाले आणि १९८८ साली डोक्याला लावण्याचे द्रावण म्हणून.

दुसऱ्या औषधाची कथा कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकात सुरू होते. तेथील काही कुटुंबांत जन्मतः मुलींसारखी दिसणारी मुले वयात येताना पुरुष होत. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली त्याचे कारण प्रसिद्ध केले. टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रबळ संप्रेरकात रूपांतर करणारे विकर त्यांच्या शरीरात उणे होते. या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी आयुष्यभर लहान राही आणि त्यांना टक्कल पडत नसे. तेच विकर रोखणारे फिनास्टेराइड मर्क कंपनीने तयार केले. १९९२ साली ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठी मान्य झाली आणि १९९७ साली १ मिलिग्रॅमची गोळी टकलासाठी.

दोन्ही औषधांचे मार्ग निराळे आहेत. फिनास्टेराइड केसाचे मूळ सुकवणाऱ्या संप्रेरकाला आवर घालते, तर मिनॉक्सिडिल केसाच्या वाढीचा काळ लांबवते. म्हणूनच दोन्ही मिळून एकट्यापेक्षा अधिक गुण देतात, असे अनुभवास आले. संयोगाचा पाया तर्कशुद्ध आहे, यात शंका नाही.

परंतु ज्या ठिकाणी औषधाचा गुण सापडला, त्याच ठिकाणी त्याचे भयही दडलेले असते. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाब उतरवणारे. ते डोक्याला लावले तर फारच थोडे रक्तात उतरते. पण टाळू खरचटलेली असेल, किंवा त्वचेची शोषणशक्ती वाढवणारे दुसरे औषध त्यात मिसळलेले असेल, तर हे प्रमाण वाढते. हेच औषध गोळीच्या रूपाने घेतले तर छाती धडधडणे, पायांवर सूज येणे संभवते. रक्तदाबाच्या अन्य गोळ्या चालू असणाऱ्याने तर डॉक्टरांस विचारल्यावाचून ते घेऊच नये. फिनास्टेराइडची गोष्टही तशीच. ज्या विकराच्या अभावी ती मुले मुलींसारखी जन्मली, तोच अभाव हे औषध घडवून आणते. म्हणून गरोदर स्त्रीने ते घेणे तर दूरच, त्याची फुटलेली गोळीही हाताळू नये. पुरुष गर्भाच्या जननेंद्रियांची घडण त्याने बिघडू शकते. काही पुरुषांत कामेच्छा मंदावते, काहींचे मन खिन्न होते. शिवाय प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी होणाऱ्या रक्ततपासणीचा आकडा या गोळीने निम्म्यावर येतो. डॉक्टरांना ती चालू असल्याचे ठाऊक नसेल, तर रोग नजरेआड राहतो.

व्यक्तीने विचारपूर्वक दोन औषधे घेणे निराळे आणि कारखान्यात ती एकाच बाटलीत कालवून विकणे निराळे. अशा संयुक्त औषधांत एकाची मात्रा कमी करावी म्हटले, तरी दुसऱ्याचीही आपोआप कमी होते. आणि त्रास झाला तर तो कोणामुळे हे कळत नाही. भारतात अशा मिश्रणांचा सुळसुळाट झाला, तेव्हा त्यांची छाननी करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू चंद्रकांत कोकाटे यांच्याकडे आले. मार्च २०१६ मध्ये सरकारने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या, दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि फेरविचारानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणे बंद झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणांवर बंदी आली. त्यांत केसांसाठीची काही मिश्रणेही होती. ‘प्रत्येक घटक येथे कशासाठी आहे?’ एवढाच या सर्व खटाटोपामागचा प्रश्न होता.

हा प्रश्न आपल्या वैद्यकाला अपरिचित नाही. मध पथ्यकर, तूपही पथ्यकर. पण दोन्ही समभाग एकत्र केली तर अपायकारक, असे चरकाने सांगितले आहे. पदार्थाचा गुण वेगळा आणि संयोगाचा गुण वेगळा, हा विचार मराठी घरांत म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीही ऐकू येतो. तात्यापाऱ्यातील असो की पुण्यातील, एकाच घरात आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, नातवाच्या केसांचे औषध आणि गरोदर सून ही सारी एका छपराखाली असतात. नाडी पाहून झाल्यावर जुना वैद्य विचारी, ‘आणखी काय चालू आहे?’ औषधे बदलली, विज्ञान पुष्कळ पुढे गेले. परंतु त्या प्रश्नाची गरज मात्र तसूभरही कमी झालेली नाही. आता फरक इतकाच की, तो वैद्याने विचारण्यापूर्वी रोग्यानेच त्याचे उत्तर सांगावयास हवे.