कोळशी आणि कोळसा

संत्र्याच्या पानावर काळी माशी बसते, तिच्या चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि पान चोळलं की बोटाला काजळी लागते. आमच्या काटोलकडे या रोगाला कोळशी म्हणतात. 2014च्या गारपिटीत मृग बहाराचा माल झाडावरच ठेचला गेला. पंचनाम्याला पटवारी आला, तेव्हा मी त्याला असं एक पानही दाखवलं. तो म्हणाला, "काका, गारपिटीचं बोला."

त्याचंही बरोबर होतं. कागद गारपिटीचा होता.

या कागदाची वंशावळ लांब आहे. 1854मध्ये इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा केलं. पुढं पीक आण्यांत मोजायची रीत पडली: सोळा आणे म्हणजे भरघोस, त्याखाली जसं उतरेल तशी साऱ्यात सूट किंवा तहकुबी. 1884च्या कायद्यानं बैल-बियाण्यासाठी तगाई मिळू लागली, तीही कर्जाऊ. माझ्या आजोबांपुढं तगाईचं नाव काढलं की ते तंबाखू मळायला घेत. नुकसान दैवानं करायचं आणि भरपाई सरकारच्या मर्जीनं व्हायची. 'कोणी केलं' हा रकाना त्या कागदात कधी नव्हताच.

आणे गेले, पैसे आले. 1974पासून नागपूरजवळच्या कोराडीत कोळशावर वीज होऊ लागली. विहिरीवर मोटारपंप बसला, मोट गोठ्याच्या आढ्याला टांगली गेली. हे विसरून बोलणं लबाडीचं होईल. आमचा बगीचा त्याच विजेवर वाढला.

1996मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावच्या नासलेल्या विहिरींवरून सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ज्यानं घाण केली त्यानंच निस्तरायचं. 2010च्या हरित न्यायाधिकरण कायद्यात हे तत्त्व आलं. पण विहिरीत रसायन सोडणारा कारखाना बोटानं दाखवता येतो. हवामान बिघडवणारा धूर साऱ्या जगाचा; गारेवर कोणत्या चिमणीचं नाव वाचायचं?

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यानं नावं शोधायचं ठरवलं. 2023च्या पुरानंतर, 2024मध्ये, त्यांनी कायदा केला: 1995पासूनच्या उत्सर्जनाच्या हिश्शानं तेल-कोळसा कंपन्यांनी पैसे भरायचे. तेलवाल्यांची संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेली.

आपल्याकडेही 2010मध्ये कोळशावर टनामागं 50 रुपये उपकर बसला. 2016पर्यंत तो 400 झाला. स्वच्छ ऊर्जेच्या नावानं सुरू झालेला हा पैसा 2017नंतर राज्यांची जीएसटीतली तूट भरायला वळवला. म्हणजे भरपाई झाली, पण राज्यांची! कोळसा महागला की वीज महागते, तेव्हा घरच्या बिलातून थोडा भार मीही उचलला असणार. 22 सप्टेंबर 2025ला तो उपकर उठला आणि कोळशावरचा जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 झाला.

त्या आठवड्यात आम्ही आंबिया बहाराची गळलेली हिरवी फळं टोपल्यांनी खड्ड्यात टाकत होतो. पुन्हा पंचनामा झाला. पटवारी नवा, पोरगेलासा. नुकसानीच्या कारणापुढं त्यानं लिहिलं: अतिवृष्टी. खाली मी सही केली.